भैरवी नसलेला खेळ



आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात मोबाईलची रेंज घरात येत नाही, टेकाडावर येते. प्रत्येक पाड्याची अशी एक जागा ठरलेली आहे. कुठे पाण्याच्या टाकीचा ओटा, कुठे शाळेमागचा खडक, कुठे रस्त्याच्या वळणावरचे मोहाचे झाड. दिवस मावळला की तिथे आठ-दहा निळसर उजेड दिसतात. मुले खांद्याला खांदा लावून बसलेली असतात, पण एकमेकांकडे बघत नाहीत. मधूनच एखादा ओरडतो, "मागून आला, मागून आला!" नवखा माणूस दचकून मागे बघतो. मागे कोणी नसते.

मी चाळीस वर्षे कीर्तनसेवा केली. आता गळा साथ देत नाही, दोन तास उभे राहवत नाही, म्हणून वीणा पुढच्यांच्या हाती दिली. संध्याकाळचा हरिपाठ आणि ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्यांचे चिंतन एवढे चालू आहे. अशा माणसाने मोबाईलवरच्या खेळाबद्दल लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण परमार्थात आपला सगळा व्यवहार मनाशी आहे, आणि हा रोग मनाचाच आहे. शिवाय गेली दोन वर्षे तो माझ्या अंगणात येऊन बसला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपला संप्रदाय खेळाच्या विरोधात कधीच नव्हता. तुकोबारायांच्या गाथेत विटीदांडू, चेंडू, हुतुतू, फुगडी, टिपरी या खेळांवर अभंग आहेत. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, आणि काल्यात देव काय करतो, तर गोपाळांबरोबर खेळतो. वारीत रिंगण झाले की सत्तरीची म्हातारी सुद्धा पदर खोचून फुगडी घालते. त्यामुळे पोरे खेळतात याचे मला दुःख नाही. जो खेळ खेळणाऱ्याला सोडत नाही, त्याच्याबद्दल मी बोलतो आहे.

खेळ कुठे संपतो आणि व्यसन कुठे सुरू होते, याचा विचार जाणकारांनी केलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र जागा दिली. ते वर्गीकरण २०१९ मध्ये मान्य झाले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. खेळ कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा यावर ताबा राहत नाही. जेवण, झोप, शाळा, माणसे या सगळ्यांच्या आधी खेळ येतो. आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही खेळणे थांबत नाही. साधारण वर्षभर असे चालले आणि त्याने घर, शाळा, काम यांची घडी मोडली, तर तो आजार समजावा. यात किती तास खेळला, हा मुख्य प्रश्नच नाही, हे माझ्या लक्षात आले आणि ते मला पटले. सुटीच्या दिवशी चार तास खेळून हाक मारल्यावर उठणारा मुलगा आजारी नाही. अर्धा तास खेळणारा, पण तेवढ्यासाठी चोरी करणारा असेल, तर त्याची चिंता करावी.

तिसरी खूण वाचली तेव्हा मला महाभारताचे सभापर्व आठवले. धर्मराज द्यूतात सर्वस्व हरले. द्रौपदीला धृतराष्ट्राने वर दिले, राज्य परत मिळाले, पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. तेवढ्यात पुन्हा बोलावणे आले, आणि धर्मराज वाटेतून मागे फिरले. सभेत काय झाले ते दिवसभरात विसरले असतील का? विसरले नव्हते, तरी फिरले. श्रोत्यांमध्ये नेहमी एखादा विचारायचा, "बुवा, एवढा धर्म जाणणारा माणूस पुन्हा कसा गेला?" जाणणे आणि थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच त्याचे उत्तर. म्हणून व्यसनी मुलाला "तुला कळत नाही का?" असे विचारण्यात अर्थ नसतो. त्याला कळते.

आता अंगणात आलेल्या मुलाबद्दल. त्याचे नाव सांगत नाही, पाडाही सांगत नाही. आमच्याकडे दिवाळी झाली की घरेच्या घरे जगायला जातात. बाहेरच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगावा लागेल. नागली, वरई, भात एवढ्यावर वर्ष निघत नाही, म्हणून भिवंडी, कल्याण, वसईच्या बाजूला वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर कामाला जाणे, याला आम्ही "जगायला गेले" म्हणतो. पाऊस तोंडावर आला की माणसे परततात. मधले सहा-सात महिने पाड्यात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी पोरे राहतात. हा मुलगा असा आजीजवळ राहिलेला.

२०२० साली टाळेबंदी आली, शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाईलवर येणार असे सांगण्यात आले. त्याच्या बापाने भट्टीवाल्याकडून घेतलेल्या उचलीतून फोन आणला. मुलगा तेव्हा पाचवीत. अभ्यास किती आला देव जाणे, खेळ मात्र आला. २०१६ पासून इंटरनेट स्वस्त झालेले होतेच. शाळा पुन्हा भरली तेव्हा फोन हातातून सुटला नाही. नववीत गेला तोवर रात्रभर टाकीवर आणि दिवसभर अंथरुणात, असा क्रम झाला. शाळेतून नाव कमी होण्याची वेळ आली. मग एके दिवशी आजीने खुराड्याच्या आडोशाला पत्र्याच्या डब्यात ठेवलेले पैसे गेले. कोंबड्या आणि मोहाची फुले विकून जमवलेले पैसे होते. त्यातून त्याने खेळातल्या बाहुल्याला कपडे घेतले. अंगावर घालता येणार नाहीत असे कपडे! आजी रागावली, फोन ओढायला गेली, आणि त्याने तिला ढकलले. तिच्या मनगटाला मार लागला. ते मनगट फडक्यात बांधून ती माझ्याकडे आली.

ती आधी भगताकडे जाऊन आली होती. भगताने तांदळाचे दाणे टाकून पाहिले आणि पोराला टाकीवरचे काही लागले आहे असे सांगितले. मी हसलो नाही. स्थळ त्याने बरोबर सांगितले होते. आजी मला म्हणाली, "बुवा, त्याच्या गळ्यात माळ घाला. माळेला तरी भिईल."

मी माळ घातली नाही. तुळशीची माळ स्वतः मागून घ्यायची असते. वासराच्या गळ्यात दावे बांधावे तशी ती बांधता येत नाही. भीतीने घातलेली माळ खुंटीवर जाते आणि पोराला एक खोटे बोलायला नवीन कारण मिळते. मी आजीला सांगितले की त्याला माझ्याकडे पाठव, उपदेश करणार नाही असे सांगून पाठव.

तो आला. मान खाली. मी म्हटले, "मला तुझा खेळ शिकव." त्याला खोटे वाटले. पण चार दिवस मी त्याच्या शेजारी बसून तो खेळ पाहिला. शंभरेक खेळाडू एका ओसाड बेटावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात, एकमेकांना मारतात, आणि सुरक्षित जागेचे वर्तुळ हळूहळू लहान होत जाते. शेवटी जो उरेल तो जिंकला. माझ्या डोळ्यांना त्यात धड काही दिसेना. पण कीर्तनकार म्हणून मला दुसरेच काही दिसू लागले.

फोन उघडल्याबरोबर रोजची भेटवस्तू मिळते. आज आला नाहीत तर उद्याची हुकते. एक पेटी असते, तिच्यात कधी काहीच निघत नाही, कधी मोठे घबाड निघते, आणि कधी काय निघेल ते कोणाला ठाऊक नसते. जिंकायला थोडेसेच राहिले होते असे वाटत असतानाच माणूस मरतो. मेला की दुसऱ्या क्षणी "पुन्हा" असे बटण समोर येते. चौघांची तुकडी असते, म्हणून एकाला उठता येत नाही, कारण बाकीचे तिघे अडतात. हे पाहून मी मनात म्हटले, हे तर आमच्याच विद्येतले आहे! श्रोत्याला कसे धरावे हे आम्ही गुरूजवळ शिकलो. दृष्टांत ऐन जागी थांबवायचा, टाळकऱ्यांकडून चाल उचलून घ्यायची, लय एकदम वाढवायची, झोपाळलेल्या माणसाला विनोदाने जागे करायचे. आम्ही मन धरायला शिकलो तसे या खेळ बनवणाऱ्यांनीही शिकून घेतले आहे. फरक एका ठिकाणी आहे. आमच्या भजनाला भैरवी असते. ठरलेल्या वेळी चाल उतरते, पसायदान होते, आरती होते, आणि श्रोता आपल्या घरी जातो. तो घरी गेला पाहिजे, यासाठीच तो सगळा खटाटोप. या खेळाला भैरवी नाही. तो बनवताना भैरवी मुद्दाम काढून टाकलेली आहे.

पेटीचे कोडे मला एका शिक्षकांनी उलगडून सांगितले. स्किनर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारली की प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबूतर लवकर कंटाळते. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, आणि त्याचा नेम लागत नाही, असे असेल तर दाणा बंद झाल्यावरही ते चोच मारतच राहते. १९५७ साली या विषयावर त्यांचे मोठे पुस्तक निघाले. जुगाराचा फासा आणि मोबाईलची पेटी दोन्ही याच स्वभावावर चालतात.

मी मुलाला कबुतराची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी कबूतर?" मी म्हटले, "कबुतराला हे विचारता येत नाही. तू विचारलेस."

येथे मला नलराजाचे आख्यान सांगितलेच पाहिजे. वनवासात खचलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषींनी ते सांगितले. नलाच्या देहात कली शिरला आणि तो भाऊ पुष्कर याच्याशी द्यूत खेळू लागला. महिनोन् महिने खेळ चालला. नगरातले लोक आणि मंत्री दारात येऊन उभे राहिले, दमयंतीने विनवले, नलाने कोणाचे ऐकले नाही. राज्य गेले, बायकोला रानात टाकून तो निघून गेला. पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी असताना एका बेहड्याच्या झाडाखाली ऋतुपर्णाने त्याला फांदीवरची पाने आणि फळे मोजून दाखवली आणि अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवले. ते मर्म कळताच कली कर्कोटकाचे विष ओकत देहाबाहेर पडला आणि त्या बेहड्यात शिरला. बेहडा आमच्या रानात पुष्कळ आहे, आणि जुन्या काळी त्याच्याच बिया फासे म्हणून वापरत.

व्यासांनी हे फार सूक्ष्म सांगितले आहे. उपासतापासाने, शपथेने किंवा दमयंतीच्या रडण्याने कली गेला नाही. खेळाची आतली गणती समजली तेव्हा तो गेला. म्हणून मी आईबापांना सांगतो की मुलाला शिव्या देण्याआधी त्याच्या शेजारी बसून तो खेळ एकदा समजून घ्या, आणि त्याची गणती त्याच्याच तोंडून वदवून घ्या. किती वेळा पेटी उघडली, किती वेळा काही निघाले, किती पैसे गेले. आमच्या पोराने वहीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या. एकवीस रेघा झाल्या आणि त्यातल्या दोनच्यापुढे फुली होती. त्या वहीने जे केले ते माझ्या दहा कीर्तनांनी केले नसते.

पण शंका अशी येते की गणती कळल्याने पेटीचा मोह जाईल, रिकामी संध्याकाळ कशी जाईल?

याचे उत्तर मला ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात सापडते. अर्जुन म्हणतो की हे मन वाऱ्यासारखे आहे, धरवत नाही. भगवंत ते नाकारत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. त्यावर माउली स्वतःची एक गोष्ट सांगतात. त्यांचा आशय असा की, या मनात एक चांगला गुण आहे. जिथे गोडी चाखली तिथे ते सोकावते. म्हणून त्याला आत्मसुखाची गोडी सहज, कौतुकाने दाखवत जावी. किती वर्षे मी हे निरूपण केले, पण "चांगला गुण" या शब्दाचे वजन मला त्या पोराकडे बघून कळले. ज्या गुणाने तो रात्रभर टाकीवर बसत होता, तोच गुण साधकाला पहाटे काकड्याला उठवतो. तो गुण मारून टाकला तर पोर सुधारणार नाही, नुसते मंद होईल. त्याचा ठाव बदलायला हवा. आणि माउलींचा "कौतुकाने" हा शब्दही सोडू नये. त्यात दटावणी नाही.

मग मी त्याला विचारले, "या खेळात तुला सगळ्यात गोड काय लागते?" मला वाटले जिंकणे म्हणेल, बंदूक म्हणेल. तो म्हणाला, "आमच्यातला कोणी पडला की मी त्याला उठवतो. माझ्या टीमला माहीत आहे, मी मागे राहून उठवतो." पुढे हळूच म्हणाला, "ते मला नावाने हाक मारतात."

माउली, सहा महिने ज्या घरात आईबाप नाहीत, शाळेत ज्याचे नाव हजेरीपुरते घेतात, त्याला नागपूर-नाशिकची न पाहिलेली तीन पोरे रात्री नावाने हाक मारतात आणि "तू आहेस म्हणून आम्ही वाचलो" म्हणतात. आपण त्याच्या हातून फोन काढून घेतो तेव्हा काय काय काढून घेतो, याचा हिशेब आपण करत नाही.

आमच्या भागातून पौषात संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या जातात. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी नाथांच्या समाधीचे दर्शन. मोखाडा, तोरंगणचा घाट, आंबोली करत आम्ही पायी जातो. थंडी अशी की पहाटे बोटांना टाळ जाणवत नाही. दिंडीच्या पुढे विणेकरी, पताकावाले, सगळ्यांना मान. शेवटी काय चालले आहे ते कोणी बघत नाही. गुडघे धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या बायका घाटात मागे पडतात आणि अंधारात एकट्या चालत येतात. गेल्या पौषात मी या पोराला म्हटले, "दिंडीच्या मागे कोणीतरी लागतो. पडलेल्यांना उठवणारा." तो टाळ वाजवायला आला नसता, हरिपाठाला तर नाहीच. हरिपाठाला मी आधी बोलावून पाहिले होते, तीन दिवस आला आणि जांभया देऊन गेला. मागे राहायला मात्र तो आला.

सगळे गोड झाले असे लिहिणार नाही. पहिल्या मुक्कामी त्याला झोप लागेना. हात चाळवत होते, विनाकारण चिडत होता, एका टाळकऱ्याच्या अंगावर गेला. रात्री उठून रेंज शोधत डोंगर चढला आणि दोन तासांनी परत आला. मी जागा होतो. विचारले नाही. व्यसन सोडताना पहिले काही दिवस असे जातात, हे घरच्यांनी धरून चालावे. तेव्हा भांडण काढू नये आणि घाबरून फोनही परत देऊ नये. दुसऱ्या दिवशी घाटात एका आजीची चप्पल तुटली. त्याने आपली दिली आणि स्वतः अनवाणी चालला. संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत चार म्हाताऱ्या त्याला नावाने हाका मारत होत्या, "इकडे बस रे, माझ्याजवळ बस." तो पानावर मान घालून जेवत होता. त्याच्या आजीला मी हे सांगितले तेव्हा तिने बांधलेल्या मनगटानेच डोळे पुसले. ते मनगट अजून थंडीत दुखते.

आता तो दहावीत आहे. रविवारी खेळतो. मी मना करत नाही. पेटी उघडत नाही असे सांगतो, आणि मी विश्वास ठेवतो. मधे एकदा पावसाळ्यात आठवडाभर पुन्हा रात्री टाकीवर गेला होता. आवणी सुरू झाली, आईबाप घरी आले, शेतात माणूस कमी पडला, तेव्हा आपोआप उतरला. चिखलात दिवसभर वाकलेल्या माणसाला रात्री जागवत नाही, हाही एक उपाय आहे, आणि ऋग्वेदाच्या अक्षसूक्तात जुगाऱ्याला शेवटी हेच सांगितले आहे की फासे टाकू नकोस, शेत नांगर.

काही जण विचारतात की सरकार बंदी का घालत नाही. घातली होती. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झाली, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर. पबजी दुसऱ्या नावाने २०२१ मध्ये परत आली. त्या बंद्याही देशाच्या सुरक्षिततेसाठी होत्या, पोरांच्या झोपेसाठी नव्हत्या. आणि २०१९ च्या मार्चमध्ये हिंगोलीत रेल्वेरुळाजवळ खेळात गुंगलेले दोन तरुण गाडीखाली गेले, तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि चार दिवसांत विसरले.

मला सांगली जिल्ह्यातले मोहित्यांचे वडगाव जास्त शिकवून जाते. कडेगाव तालुक्यातल्या या गावाने २०२२ साली ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की गावातले टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद. मुलांनी पुस्तक उघडायचे. यात मला आवडले ते हे की भोंगा मोठ्यांसाठी सुद्धा वाजतो. बाप रील बघत आहे, आई मालिका बघत आहे आणि पोराने तेवढा अभ्यास करायचा, ही गोष्ट त्या गावाने खोडून काढली. वारकऱ्यांना हे नवीन नाही. सात ही आपल्या हरिपाठाची वेळ. आपल्या गावोगावच्या विठ्ठलमंदिरांत संध्याकाळी पाच म्हातारे हरिपाठ करतात आणि बाहेर ओट्यावर त्यांचीच नातवंडे खेळतात. दोघांच्या मधे फक्त एक उंबरठा आहे. पोरांना आत ओढण्याआधी त्यांच्या हातात काहीतरी काम द्या. समया लावणे, टाळ वाटणे, पखवाजाला कणीक लावणे. टाळ नंतर येईल.

आणखी एक सांगतो, कारण यात आमच्याकडे उशीर होतो. मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, अंगावर धावून येत असेल, किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर हरिपाठ आणि भगत दोन्ही चालू ठेवा, पण डॉक्टरकडे न्या. मनाच्या आजारासाठी सरकारची १४४१६ ही फोनसेवा आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून याच व्यसनासाठी वेगळा दवाखाना चालतो, म्हणजे हा आजार शिकलेल्या घरांतही आहे. त्यात लाज धरण्यासारखे काही नाही. पाय मोडला तर आपण पांडुरंगाला हाकही मारतो आणि प्लास्टरही घालतो.

दिवाळीत त्या मुलाचे आईबाप घरी होते. पाडव्याच्या संध्याकाळी मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बुवा, बाबा पण खेळतो. रमी. पैशाची." भट्टीवर दिवसभर विटा थापून रात्री झोपडीत पडल्या पडल्या बाप पत्ते खेळत होता, आणि उचलीतले पैसे त्यात गेले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायचे असले ऑनलाइन खेळ बंद केले, पण गेलेले पैसे परत येत नाहीत आणि भट्टीवाल्याची उचल अंगावर राहते. ती फेडायला यंदा दोघांना पाऊस पडेपर्यंत थांबावे लागणार.

मुलाने बापाला वही दाखवली. रेघांची. बापाने ती बराच वेळ हातात धरली. अक्षरे त्याला फारशी येत नाहीत, रेघा मोजता येतात.

भट्टीवर जाण्याच्या आदल्या रात्री बाप माझ्याकडे आला. पौषात वारीला यायचे म्हटले तर किती दिवस मोडतील, असे त्याने विचारले. मी सांगितले, दिंडी वद्य अष्टमीला पहाटे निघते, दशमीला त्र्यंबक, एकादशीला दर्शन, द्वादशीला परत फिरायचे. त्याने बोटांवर मोजले आणि तेवढ्या दिवसांची मजुरी मनात धरली. भट्टीवाला सोडतो का ते बघतो, म्हणाला. अजून त्याचा फोन आलेला नाही.